कुंड नंबर एकशे चौदा

असियुत शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी तोहामीच्या छातीत हृदयाचे ठोके चालवणारं यंत्र बसवलं, टाके घातले आणि तिसऱ्या दिवशी सहज विचारलं, "कामाला कुठे असता?"

"कारखान्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या."

"कुठल्या विभागात?"

"कुंडांच्या हॉलमध्ये. एकतीस वर्षं झाली. दुसरीकडे कुठे असणार?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेजारी तोहामीची बायको हमीदा उन्हात फुगवलेल्या शम्सी रोटीचा तुकडा काळ्या काकवीत बुडवून नवऱ्याला भरवत होती. तिचा हात तसाच थांबला.

"त्या हॉलमध्ये तुम्ही आता पाऊल टाकायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "तिथल्या चुंबकानं घड्याळं बंद पडतात, मला माहीत आहे. माझा मेहुणा तिथे होता. हे यंत्र घड्याळापेक्षा नाजूक आहे. तिथे गेलात तर ते थांबेल, की आपल्याच तालात धावत सुटेल, हे मी सांगू शकत नाही. देव जाणे."

"किती दिवस?" तोहामीनं विचारलं.

"यंत्र आहे तोवर."

"आणि यंत्र किती दिवस आहे?"

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. यंत्र जन्मभराचं आहे हे तोहामीला समजायला थोडा वेळ लागला. ऑपरेशनला तो घाबरला नव्हता. ऊस तोडताना चक्कर येऊन पाटात पडला तेव्हाही घाबरला नव्हता. या एका वाक्यानं मात्र तो हादरला. हमीदानं तिथल्या तिथे त्याच्याकडून शपथ घेतली, एकुलत्या एका मुलीच्या, नगातच्या डोक्याची. हॉलच्या दारातल्या पिवळ्या रेघेच्या आत जाणार नाही म्हणून. त्यानं शपथ घेतली. ओठ हलले, आवाज फुटला नाही, तर हमीदानं पुन्हा म्हणायला लावली. ती बाई अर्धवट काम कशातच ठेवत नाही.

आता हॉल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या तरफा गावातली निम्मी माणसं त्यावर जगतात आणि उरलेली निम्मी त्याला शिव्या देतात. ऊस संपतो आणि वाळू सुरू होते तिथे, अर्धा किलोमीटर लांब पत्र्याची एक इमारत आहे. आत दोनशे चाळीस लोखंडी कुंडं ओळीनं मांडलेली. प्रत्येक कुंड एका खोलीएवढं. खाली कोळशाचं अस्तर, वरून टांगलेले कोळशाचे ठोकळे, आणि दोन्हींच्या मध्ये वितळलेल्या क्षारांचा लालभडक रस, त्यात विरघळलेली पांढरी भुकटी. धरणावरची वीज पहिल्या कुंडात शिरते ती एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात करत शेवटच्यातून बाहेर पडते. सगळी कुंडं एका माळेत.

तोहामी शाळा चौथीपर्यंत शिकला. पण नगात बारावीच्या परीक्षेला बसली आणि विद्युत अपघटनाचा धडा तिच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिला तो शिकवला तोहामीनंच. पुस्तक त्यानं बाजूला सरकवलं होतं.

"हे बघ. भुकटी म्हणजे धातू आणि प्राणवायू यांचं लग्न. हातोड्यानं तुटत नाही, साध्या आगीनं तुटत नाही. मग काय करायचं? आधी विरघळवायचं. विरघळलं की दोघं सुटे होतात, हिंडाफिरायला लागतात. मग वीज सोडायची. धातूवर धन भार, तो पळतो ऋण टोकाकडे, म्हणजे खालच्या कोळशाकडे. तिथे गेला की त्याला विजेतून हवं ते मिळतं आणि तो गप तळाशी बसतो. प्राणवायू पळतो वरच्या कोळशाकडे आणि त्यालाच खात सुटतो. म्हणून वरचा कोळसा झिजतो, तीन आठवड्यांनी बदलावा लागतो. कळलं?"

"आणि वीज जास्त सोडली तर?"

"तर धातू जास्त. जितकी वीज, जितका वेळ, तितका धातू. साहेबानं कितीही आरडाओरडा केला तरी एक चमचा जास्त येत नाही."

"आणि बाबा, रस गार झाला तर?"

तोहामीचा चेहरा बदलला होता. "असलं बोलू नये," तो म्हणाला. मग मुलीला उत्तर द्यायचंच म्हणून म्हणाला, "गार झाला की दगड. दगडात कोण हिंडणार? वीजच जात नाही. एक कुंड गोठलं की माळ तुटली. माळ तुटली की सगळीच गोठणार. मग सुरुंग लावून फोडायची, महिनोन् महिने."

नगातला त्या धड्यात पैकीच्या पैकी मिळाले. मास्तरांनी विचारलं, लग्न वगैरे हे कुठल्या पुस्तकातलं?

हॉलमध्ये तो चोवीस वर्षांचा असताना शिरला होता. पहिल्या दिवशी गळ्यात दोरीला अडकवलेली घराची लोखंडी किल्ली आपोआप उचलली गेली आणि नाकासमोर आडवी उभी राहिली. तो मागच्या मागे पळाला होता. एवढी वीज वाहते तिथे सगळा हॉलच चुंबक होतो हे त्याला कोण सांगणार? जुने लोक पोट धरधरून हसले. पुढे त्यालाही सवय झाली. आमच्या हॉलमध्ये प्रत्येकाच्या गळ्यात किल्ली असते आणि प्रत्येक जण तिच्याकडे बघून सांगतो, आज वीज जोरात आहे, आज कमी आहे. भिंतीवर चांगले काचेचे मीटर आहेत, पण मीटर कोण बघतो? किल्ली आडवी म्हणजे वीज आहे, किल्ली लटकली म्हणजे वीज नाही. तीस वर्षांत किल्ली कधी खोटं बोलली नव्हती.

तोहामीचं नाव गाजलं ते कानामुळे. कुंडातली भुकटी संपत आली की वरच्या कोळशाखाली वायूचा पापुद्रा धरतो, विजेचा दाब एकदम चढतो, आणि त्या कुंडावरचा दिवा लागतो. मग हिरव्या लाकडाचा ओला बांबूसारखा दांडा घेऊन धावायचं आणि रसात खुपसायचा. लाकडातला रस उकळतो, बुडबुडे उठतात, पापुद्रा फुटतो. बाकीचे दिवा लागल्यावर धावत. तोहामी दिवा लागायच्या आधीच दांडा घेऊन उभा असे. कुंडाचा आवाज बदलतो म्हणे. "कुंड घसा खाकरतं, आणि मग ओरडतं," तो सांगायचा. कोणाला काही ऐकू यायचं नाही, पण दिवा लागायचाच.

असा माणूस दारात बसला. हॉलच्या मुख्य इंजिनिअर इनास बाईंनी त्याला घरी पाठवलं नाही, पिवळ्या रेघेच्या बाहेर सामानाच्या खोलीत बसवलं. हातमोजे, दांडे, दिवे, चष्मे द्यायचं काम. इनास बाई पस्तिशीच्या. नोकरीला लागल्या तेव्हा तोहामीनं त्यांना हॉलमध्ये फिरवलं होतं, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही ते शिकवलं होतं. त्या त्याला अम्म तोहामी म्हणत, वयानं मोठ्या माणसाला म्हणतात तसं, आणि तो त्यांना कामावर बाश-मुहंदिसा, म्हणजे इंजिनिअर बाई, म्हणे आणि विसरला की पोरी. रेघ त्यांनी स्वतः पुन्हा रंगवून घेतली होती. "अम्म तोहामी, ही रेघ ओलांडलीत तर तुम्हाला नोकरीवरून काढीन आणि मग घरी जाऊन रडीन," असं त्या म्हणाल्या होत्या. दोन वर्षं तो त्या रेघेच्या अलीकडे स्टुलावर बसला. आतला घूं घूं आवाज ऐकायचा आणि कधीकधी आत जाणाऱ्याला सांगायचा, "एकशे सत्तावीस घसा खाकरतंय." तो माणूस पोचेपर्यंत दिवा लागलेला असे.

जूनमधला मंगळवार होता तो. दुपारचे दोन. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालं होतं. तोहामी दांडे मोजत होता आणि त्याला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग कळलं. आवाज थांबला होता.

तेहतीस वर्षं जो आवाज थांबला नव्हता, जो गावातल्या बायकांना पाटावर धुणं धुताना ऐकू यायचा, तो नव्हता. दिवे गेले. पंखे गेले. आत हॉलमध्ये माणसं उभी होती तशी उभी राहिली. कोणीतरी आपल्या गळ्यातल्या किल्लीकडे बघितलं. ती छातीवर लटकत होती. मग सगळ्यांनीच बघितलं. एका म्हाताऱ्या कामगारानं किल्ली हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली, आणि तो रडायला लागला. हे मी वाढवून सांगत नाही. असं काही खरंच होईल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

धरणाकडून येणाऱ्या तारेवर कुठेतरी मोठा बिघाड झाला होता. किती वेळ लागेल? फोनवरचा माणूस म्हणाला, बघतो. इनास बाईंनी घड्याळ बघितलं. ते चालू होतं, हॉलमध्ये उभ्या असताना त्यांचं घड्याळ चालू होतं, आणि हे बघून त्या पांढऱ्याफटक पडल्या. चार तास. चार तासांनी रस दगड होतो.

मग जी धावपळ झाली ती काय सांगावी. बाजूचे सगळे दरवाजे लावले, पत्रे ठोकले, वारा आत येऊ नये म्हणून. प्रत्येक कुंडावर पांढऱ्या भुकटीचा ढीग ओतला, आजाऱ्यावर गोधडी टाकतात तसा. गावातून माणसं आली, कामावर नसलेली, निवृत्त झालेली. तोहामी रेघेवर उभा राहून हातमोजे वाटत होता आणि ओरडत होता, "आणखी टाका. कंजूषपणा करू नका. तुमच्या बापाची भुकटी आहे का?"

साडेपाचला फोन वाजला. वीज देतो. हॉलमध्ये सगळे एकमेकांना धरून उभे राहिले. वीजघरातल्या माणसानं थोडासा दाब दिला, असंच करतात, पायरीपायरीनं. सगळे किल्ल्यांकडे बघत होते. किल्ल्या लटकत राहिल्या.

"घेत नाहीये," वीजघराचा माणूस फोनवर म्हणाला. "माळ कुठेतरी तुटलीय तुमच्याकडे."

इनास बाईंनी हॉलभर नजर फिरवली. दोनशे चाळीस कुंडं, सगळी पांढऱ्या ढिगांखाली सारखी दिसणारी. त्यातलं कोणतं? त्या दारापाशी आल्या, फोन भिंतीवर तिथेच होता, आणि लबीबला म्हणाल्या, "सगळ्यांना पाठव. एकेक कुंड उकरून बघा." लबीब हा पाळीचा मुकादम, पंचेचाळिशीचा, तोहामीच्या हाताखाली तयार झालेला, त्याला उस्ता म्हणजे उस्ताद म्हणणारा.

"अर्धा तास उरलाय," लबीब म्हणाला. "दोनशे चाळीस कशी उकरणार?"

तोहामी स्टुलावर बसला होता तो उठला. "दिवा कुठला लागला?"

"कुठलाच नाही, उस्ता."

"नीट बघितलंत? माळ तुटली असेल तर सगळा दाब त्या एका तुटक्या जागेवर येतो. तिथला दिवा लागायलाच पाहिजे."

"वल्लाही, देवाशपथ, कुठलाच नाही. मी स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं."

तोहामी सामानाच्या खोलीत गेला आणि वही घेऊन आला. त्यानं एका पानावर बोट ठेवलं. "सकाळी एकशे चौदाचा दिवा गेला म्हणून नवा मागायला आले होते. माझ्याकडे शिल्लक नव्हता. उद्या देतो म्हणालो. दुपारी धातू कुठल्या कुंडांतून काढत होतात?"

लबीबनं डोळे मिटले. "एकशे दहापासून पुढे."

"म्हणजे एकशे चौदातला धातू काढला, रस खाली उतरला, आणि वरचे कोळसे मोटरीनं खाली आणायच्या आतच वीज गेली. ते अधांतरी लटकतायत. वरून तुम्ही भुकटीची गोधडी घातलीत, म्हणून कोणाला दिसलं नाही. जा, हातानं फिरवून कोळसे खाली उतरवा."

लबीब जागचा हलला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कोळसे खालीवर करायच्या हाताच्या दांड्याला आमच्यातल्या कोणी हात लावलेला नाही, उस्ता. मोटरी आल्यापासून बारा वर्षं झाली. आणि एकशे चौदाचा तर अडकतो, तेव्हाही तो तुम्हालाच जमायचा."

हे मात्र खरं होतं. तो दांडा उलटा अर्धा वेढा देऊन मग सुलटा फिरवावा लागे, आणि किती जोरानं हे सांगून समजणार नव्हतं. तोहामीनं रेघेकडे बघितलं, मग इनास बाईंकडे.

"नाही," त्या म्हणाल्या.

"किल्ल्या बघ पोरी. मेल्यात. वीज नाही तर चुंबक कुठला? हा हॉल आत्ता माझ्या घराच्या ओसरीसारखा आहे."

"आणि तुम्ही आत असताना आली तर?"

"तू मागितल्याशिवाय कशी येईल?"

इनास बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "मी मागणार नाही. तुम्ही या रेघेच्या बाहेर आल्याशिवाय मी वीज मागणार नाही. काही झालं तरी. ऐकलंत?"

"ऐकलं," तोहामी म्हणाला, आणि नगातच्या डोक्याची शपथ मोडून आत गेला.

दोन वर्षांनी तो आत पाऊल टाकत होता आणि त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्या घरी जावं आणि तिथे सगळी माणसं गप्प बसलेली असावीत तसं ते होतं. दोन्ही बाजूंना पांढरे ढीग, आवाज नाही, फक्त कुठेतरी तडतड, कवच गार होताना तडकतं तशी. तो लबीबच्या मागे झपाझप चालत गेला. एकशे चौदा हॉलच्या मधोमध, उघड्या दारापासून अडीचशे पावलांवर.

त्यानं लोखंडी पहार घेऊन ढीग बाजूला केला आणि कवचावर ठोकलं. पोकळ वाजलं. बाजूच्या कुंडावर ठोकलं, भरीव. "हेच," तो म्हणाला. पहार कवचातून आत गेली तेव्हा खाली लाल उजेड दिसला, गडद, जांभळ्याकडे झुकलेला. अजून पातळ होतं. कोळशाच्या बुडापासून जेमतेम दोन बोटं खाली.

दांडा घातला. एका बाजूनं तोहामी, दुसऱ्या बाजूनं लबीब, मध्ये कुंड. उलटा अर्धा वेढा. हलेना. तोहामीनं खांदा लावला. छातीवर टाक्यांची खूण होती तिथे दुखलं. मग खडाक्‌ आवाज झाला आणि दांडा फिरायला लागला.

"हळू," तो म्हणाला. "माझ्या बरोबरीनं."

कोळसे खाली येत होते. एक बोट राहिलं. अर्धं. आणि तेव्हा तोहामीला आवाज ऐकू आला.

अगदी बारीक. माशी काचेवर आपटते तसा. कोळसा आणि रस यांच्या मधल्या त्या फटीतून येत होता. बाकी कोणाला तो ऐकू आला नसता. तोहामीनं खाली वाकून बघितलं. फटीत एक निळा ठिपका नाचत होता.

त्याला कळलं. वीजघरातल्या माणसानं दाब काढलाच नव्हता. दिला तसा ठेवला होता आणि तो घेतला जायची वाट बघत बसला होता. इनास बाईंनी बंद कर असं सांगितलंच नव्हतं, कारण किल्ल्या लटकत होत्या. हॉलमधल्या चारशे माणसांनी किल्ल्यांकडे बघितलं होतं आणि वीज नाही असं ठरवलं होतं. त्यानं स्वतः तेच केलं होतं, एकतीस वर्षांचा उस्ता असून. किल्ली वाहणारी वीज सांगते. बंद दाराबाहेर उभी असलेली वीज ती कशी सांगेल? आणि ते दार म्हणजे ही अर्ध्या बोटाची फट होती आणि ती तो स्वतःच्या हातानं बंद करत होता.

"लबीब, थांब," तो म्हणाला.

लबीबच्या कानात कापसाचे बोळे होते, सगळेच घालतात. त्याला दिसत होतं ते एवढंच, की एक शेवटचा वेढा राहिलाय आणि वेळ संपत आलीय. त्यानं तो दिला.

फट्‌ करून निळा उजेड झाला. मग जमिनीतून, तोहामीच्या टाचांतून, तो आवाज वर आला. घूं. आधी हळू. दूरवर कोणीतरी आनंदानं ओरडलं. टोकापासून टोकापर्यंत माणसं ओरडायला लागली, अल्लाचं नाव घ्यायला लागली, एकमेकांना मिठ्या मारायला लागली. तोहामीच्या गळ्यातली किल्ली छातीवरून हलली.

लबीबला त्याचा चेहरा दिसला. त्यानं कानातला कापूस काढला. "उस्ता? उस्ता, काय झालं? त्या म्हणाल्या होत्या ना, मागणार नाही..."

"फोनकडे पळ," तोहामी म्हणाला. "सांग, मी आत आहे."

लबीब पळाला. तोहामी पळू शकत नव्हता. तो चालायला लागला. बाजूचे दरवाजे ठोकून बंद केलेले होते, त्यानंच ओरडून करवून घेतले होते, तेव्हा अडीचशे पावलं तेवढी बाकी होती. वीजघरात काटा हलला म्हणून पुढची पायरी दिली होती. आवाज चढला. किल्ली शर्टापासून एक बोटभर उचलली गेली. माणसं त्याच्या अंगावर येत होती, त्याच्या पाठीवर थापा मारत होती, "अम्म तोहामी, तूच वाचवलंस, देव तुझं भलं करो," आणि तो त्यांना बाजूला सारत चालत होता. त्याला जिवाची भीती वाटत होती. तोंड कोरडं पडलं होतं, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं चालता चालता मनगटावर बोटं ठेवली.

नाडी शांत होती. एक, दोन, तीन, चार. पेंडुलमासारखी, एकसारखी. एवढी भीती वाटत असताना ती तरुण पोराच्या नाडीसारखी धडधडायला हवी होती. ती धडधडत नव्हती, अडखळतही नव्हती. भीती एकीकडे आणि छाती एकीकडे; यंत्र आपल्याच तालात चाललं होतं. जसा काही आत दुसराच कोणी बसला होता आणि त्याला बाहेर काय चाललंय याची खबरच नव्हती. या शांत नाडीनं तोहामी जेवढा हबकला तेवढा निळ्या ठिपक्यानंही हबकला नव्हता. त्यानं बोटं काढून घेतली.

शंभर पावलं झाली. आवाज आणखी एक पायरी चढला. लबीब आता फोनपाशी पोचला असेल. आता त्या बोलत असतील. आता. तोहामी प्रत्येक पावलाला कान लावत होता. आयुष्यभर त्यानं हा आवाज थांबू नये म्हणून कान लावले होते आणि आता तो उतरावा म्हणून लावत होता. दीडशे. दोनशे. किल्ली आडवी झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली, त्यानं भिंत धरली, पुन्हा चालला. पिवळी रेघ दिसली. रेघेच्या पलीकडे लबीब जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत. इनास बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. फोन त्यांच्या हातात होता, छातीशी घट्ट धरलेला.

त्यानं रेघ ओलांडली. आणखी पन्नास पावलं चालत उघड्यावर, उन्हात गेला आणि दांड्यांच्या ढिगावर बसला. छातीतलं यंत्र काही वेळ तसंच एकसारखं चाललं. मग एक ठोका चुकला, एक लवकर आला, आणि नाडी भरधाव सुटली, जशी सुटायला हवी होती तशी.

इनास बाई त्याच्या मागोमाग आल्या. त्यांनी त्याच्यापुढे वाळूत बसून त्याचं मनगट धरलं, पण मोजता येईना. नाडी फार पळत होती.

"मी मागितली नव्हती," त्या म्हणाल्या. "वल्लाही, मी मागितली नव्हती. त्यांनी बंदच केली नव्हती, आणि मी विचारलं नाही. किल्ल्या बघितल्या आणि विचारलं नाही."

"माहीत आहे. मीही किल्ल्याच बघितल्या."

"लबीब आला तेव्हा फोन माझ्या हातात होता. वीजघर पलीकडे बोलत होतं. तो म्हणाला, अम्म तोहामी आत आहे. मी फक्त बंद कर म्हणायचं होतं." त्या थांबल्या. "पुन्हा बंद केली असती तर पुन्हा घेतली गेली नसती. रस काळा पडत चालला होता. सगळी कुंडं गेली असती. मी म्हटलं नाही. तुम्ही चालत होतात आणि मी ऐकत होते, आणि मी म्हटलं नाही."

तोहामी त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांचा चेहरा त्यानं बावीस वर्षांची पोरगी असल्यापासून बघितला होता. आत माणसं अजून ओरडत होती. आवाज आता भरून वाहत होता, नेहमीसारखा, गावातल्या बायकांना पाटावर ऐकू जाईल असा.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "दुसरा कोणी आत असता तर मीही हेच केलं असतं."

इनास बाईंनी मान खाली घातली. कोणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. तोहामीनं तो दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धं पाणी मांडीवर सांडलं. उरलेलं तो प्यायला आणि पेला बाजूला ठेवला.

"पण पोरी," मग तो म्हणाला, "रेघेपर्यंत मला वाटत होतं, तू बंद करशील."